भोरड्या उतरल्या ती सकाळ

गोफण फिरवण्यात माझा हात धरणारी बाई आमच्या शिवारात नव्हती, हे मी आजही छाती ठोकून सांगते. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी धड थापता येत नव्हती, पण माळ्यावरून मारलेला खडा म्हणेन त्या ठिकाणी जाऊन बसायचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चुलीचं मी बगते. तू आपली राखन कर."

राखण ज्वारीची, आणि राखायची भोरड्यांपासून. थंडीच्या दिवसांत ही पाखरं उत्तरेकडून थव्यांनी येतात. डोकं आणि पंख काळेभोर, अंग गुलाबी. दिसायला गोड आणि वागायला महाद्वाड! दाणा चिकात आला की थवाच्या थवा कणसांवर तुटून पडायचा. मग प्रत्येक शेतात मेढी रोवून माळा बांधायचा, त्यावर बाईमाणसानं उभं राहायचं आणि दिवसभर हाळ्या घालत गोफण चालवायची. आत्याबाई भोरड्यांना 'सटव्या' म्हणायच्या, तेही फार प्रेमानं नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. आदल्या साली पावसानं दगा दिलेला, कणगीत खडखडाट. आमच्या ह्यांनी सांगून टाकलं होतं, ज्वारी हाती आली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप घालून बेलापूरच्या बाजूला ऊसतोडीला जायचं. इकडे मला दिवस गेलेले. माहेरी आई नव्हती, तेव्हा बाळंतपण सासरीच. ते घरात होणार की उसाच्या फडात पाचटाच्या झोपडीत, कोपीत, हे त्या ज्वारीवर होतं. आत्याबाईंचं एक लेकरू तसल्याच कोपीत गारठ्यानं गेलं होतं. त्या ते कधी बोलायच्या नाहीत. पण कणसं भरायला लागली तशा रोज शेतात येऊन कणीस हातात धरून बघायच्या आणि मग माझ्या पोटाकडे बघायच्या.

आणि अशात टोळ आले!

दुपार कलली होती. उगवतीकडून तांबूस धूर उठल्यासारखं दिसलं. मला वाटलं, कुठं गंजी पेटली. बघता बघता तो धूर डोक्यावर आला आणि अंगावर तडातड आदळायला लागला. बोटाएवढे टोळ! पदरात, केसात, माळ्यावर, जिकडे हात लावावा तिकडे. आम्ही डबे बडवले, पाचोळा पेटवून धूर केला, घसा बसेपर्यंत ओरडलो. सूर्य बुडाला तसे ते कणसांवर बसले ते बसलेच. खाण्याचा आवाज येत होता हो, कुरकुर, कुरकुर! मला रडूच कोसळलं.

सकाळी उजाडताच सगळं गाव शिवारात. रात्री थंडी मरणाची पडली होती, टोळ गारठून ज्वारीच्या ताटांना चिकटलेले. ऊन तापायच्या आत त्यांना हुसकायचं म्हणून जो तो डबा घेऊन उभा. आत्याबाईंच्या हातात भिंगारच्या बाजारातून आणलेला पलटणीतल्या बिस्किटांचा डबा होता, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. तेवढ्यात आभाळात चिवचिवाट झाला. भोरड्या!

"आल्या सटव्या! ह्यांचीच कमी हुती!" आत्याबाई ओरडल्या. मी माळ्यावर होते, हात आपोआप गोफणीला गेला. खडा सुटला आणि एक भोरडी माळ्याखाली पडली. बाकीचा थवा भुर्रकन उडाला, पण लांब जाईना. घिरट्या घालून पुन्हा खाली, डब्यांच्या दणक्यानं पुन्हा वर.

मी उतरून पाखरू उचललं. मेलं नव्हतं, नुसती भोवळ आली होती. चोचीत आडवा टोळ, अजून तंगड्या झाडणारा! खाली बघते तर मातीत टोळांचे पंखच पंख पडलेले, आणि जवळच्या कणसांवर चोचीची एक खूण नाही.

पाखरू हातात घेऊन तशीच पोट सांभाळत धावले. "आत्याबाई, डबा थांबवा! कणसाला शिवत न्हाईत, टोळ खात्यात!"

"येडी झाली का काय? भोरडीला कवा कुनी जेवाया बोलावलंय व्हय?"

"ह्यो बघा की चोचीतला!"

त्यांनी बघितला. "अन् टोळ सरल्यावर? मंग काय खातील त्या?"

"मंग माजी गोफन हाय न्हवं," मी म्हणाले. त्यांनी शेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तो डबा पालथा घातला आणि त्यावर बसल्या. बसल्या बसल्या शेजारच्या बांधाकडे हाळी दिली, "डबं थांबवा गं बायांनो! गप ऱ्हावा जरा!"

दोन-चार जणींनी शिव्या घातल्या, पण आत्याबाईंपुढे कुणाचं चालतंय? शिवार गप झालं. राखणीच्या दिवसांत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि मग थवा उतरला! एक नव्हे, थव्यामागून थवे. आभाळभर वळायचे, फिरायचे आणि शेतावर गुलाबी चादर टाकल्यासारखे पसरायचे. मागचे पुढच्यांच्या डोक्यावरून उड्या मारत, भांडत, कलकलाट करत. टोळांचे पंख तुटून वाऱ्यावर उडत होते. मी टाळ्या पिटत नाचत होते आणि आत्याबाई "अगं पोटुशी तू, खाली बस!" म्हणत स्वतःच उठून उभ्या राहिल्या होत्या.

ऊन चढलं तसे उरलेले टोळ उडून गेले. पीक सगळं वाचलं असं नाही, बांधाकडचं बरंच गेलं. पण कणगी भरेल एवढं राहिलं. कुलूप काही लागलं नाही.

आणि आत्याबाई बोलल्या तेच झालं. टोळ सरले आणि भोरड्या ज्वारीवर आल्या. मी गोफणीत खडा घातला, तर आत्याबाईंनी मनगट धरलं. "त्या बांधाकडल्या ओळींवर नगं मारू. खाऊ दे. मजुरी हाय त्यांची." उरलेल्या शेतात मात्र माझी गोफण सणसणीत चालली.

आता कालव्याचं पाणी आलंय. शिवारभर ऊस झाला, माळे गेले. हुरडा खायचा तर कणसं विकत आणावी लागतात. भोरड्या अजून येतात, पण विरळ. तारांवर बसतात आणि पुढं निघून जातात. दिसल्या की मी हातातलं टाकून बाहेर पळते, नातवंडं हसतात.

माझी लेक चैत्रात झाली, घरातच. भोरड्यांचे परतायचे दिवस होते. दारापुढच्या बाभळीवर ही गर्दी, हा गलका! मी बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते. आत्याबाईंनी बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात नेलं आणि बाभळीकडे तोंड करून धरलं.

"बग गं बाय," त्या म्हणाल्या, "तुझ्या मावश्या निघाल्या."