करवंटीत अडकलेली गाडी

रंभाजी फोटोवाल्याकडे स्वतःचं विमान होतं. कापडावर रंगवलेलं. जत्रेत तो पडदा टांगायचा, पुढे लाकडी खिडकी उभी करायचा, आणि त्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून पाथर्डी-शेवगावकडच्या निम्म्या नवरा-नवरींनी आकाशप्रवास उरकलेला होता. विमानाचा मालक मात्र एसटीच्या टपावर सामान चढवून या जत्रेतून त्या जत्रेत जायचा. वाटेत दर वेळी पंखाला एक नवी घडी पडायची.

सत्तर साली नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात रंभाजीने एक डॉज घेतली. बेत साधा होता. मागे लाकडी बॉडी बांधायची. तिच्यात झोपायला फळी, बायकोच्या चुलीला कोपरा आणि फोटो धुवायला अंधारी खोली. मग जत्रा जिथे, घर तिथे. या बेताच्या भरात त्याने पाथर्डीतली भाड्याची खोली सोडून दिली. बायको बनाबाई म्हणाली होती, "गाडी दारात येऊ द्या, मग खोली सोडू." पण गाडी यायला आधी दार हवं आणि दार आता गाडीलाच बसणार, असं काहीतरी तिला पटवण्यात आलं.

नगरहून नागापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला तेव्हा गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्यांच्या पाच शेड होत्या. त्यांतली पहिली पुंजाराम मिस्त्रीची. हात कसबी, जीभ त्याहून कसबी. दसऱ्याच्या दिवशी रंभाजी इसार द्यायला गेला आणि अर्धे पैसे पुढे केले. पुंजारामने ते हातात घेतले नाहीत.

"फोटोवाले, निम्मा इस्वास ठेवायचा आसंल तर निम्मीच गाडी न्या. मी कुनाला न्हाई म्हनत न्हाई."

रंभाजी गावातला माणूस. सुताराला वर्षाचं धान्य आधीच पोचतं केलं की तो लाजेकाजेने काम करतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्याने उरलेले पैसेही काढून दिले. पुंजारामने लगेच गाडीच्या नाकावर नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि एक करवंटी शेडमधल्या खिळ्याला अडकवली.

त्या करवंटीचा अर्थ रंभाजीला पुढे कळला. पाचही शेडमधला रिवाज असा, की एका मिस्त्रीने नारळ फोडला की ती गाडी त्याची. तो स्वतःहून करवंटी काढून देईपर्यंत दुसरा मिस्त्री तिला हात लावणार नाही. हा रिवाज मिस्त्रीलोकांची आपसांत भांडणं होऊ नयेत म्हणून पडला होता, आणि भांडणं खरोखरच होत नसत. गिऱ्हाइकाचा विचार करण्याचं तेव्हा कुणाला सुचलं नसावं.

गाडी होळीपर्यंत, मढीच्या जत्रेआधी मिळायची होती. होळीला तिच्यावर नुसता लाकडी सांगाडा होता, आणि गाडीची वाट पाहण्यात मढी चुकली. पाडव्याला चाकं काढली गेली. "टायर उनानं बाद व्हत्यात," पुंजाराम म्हणाला, आणि ती टायरं बाद होऊ नयेत म्हणून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवली. गाडी विटांवर आली. मग रंभाजी, बनाबाई आणि विमान असे तिघंही त्या सांगाड्यात राहायला आले. डोक्यावर राहिलं तर मिस्त्री काम करील, असा हिशोब. शिवाय खोली सोडलेली होतीच.

मिस्त्री काम करी; पण त्याची एक पद्धत होती. जुन्या गाडीचा पत्रा नव्या गाडीच्या इसारातून यायचा. रंभाजीची उजवी बाजू राहुरीच्या एका भांडेवाल्याच्या पैशांतून झाली, डावी घोडेगावच्या कुणा कापडवाल्याच्या. त्या दोघांच्या गाड्यांवर काय चढलं होतं? करवंट्या. शेडच्या भिंतीवर आता त्यांची ओळ लागली होती.

यात रंभाजीचं काम आपोआप ठरून गेलं. बनाबाईने फळीवर गोधडी घातली होती, खिडकीला लुगड्याचा पडदा केला होता, डबे ओळीने लावले होते. नवं गिऱ्हाईक आलं की पुंजाराम त्याला तिथे आणायचा. "इचारा ह्यांनाच. र्‍हात्यात की आतमंदी." आणि रंभाजी म्हणायचा, "काम झकास हाय." ते खोटं नव्हतं. जेवढं झालं होतं तेवढं झकासच होतं. गिऱ्हाईक इसार देऊन जायचं आणि आठवड्याने रंभाजीच्या गाडीला दोन पत्रे लागायचे.

"त्या मानसाला काय सांगितलं तुमी?" बनाबाई विचारायची.

"काम झकास हाय म्हनून."

"आन् वरती ताडपत्री हाय, त्ये?"

"त्यानं इचारलं न्हाई."

एकाहत्तरच्या दिवाळीपर्यंत फक्त छप्पर राहिलं. दुसरी मढी चुकवून चालणार नव्हतं. वर्षभराची निम्मी कमाई तिथली. पुन्हा चुकली तर कॅमेरा विकावा लागणार होता. पुंजारामने एका सकाळी चहा पाजला. पुंजाराम चहा पाजतो तेव्हा सावध राहावं, एवढं रंभाजीला आता कळत होतं.

"झुंबरबाई येतीय आज. शेवगावची, जिलबीवाली. तुझ्याच लिलावातली डॉज हाय तिच्याकडं. तुझ्या वळखीची न्हवं?"

ओळखीचीच होती. जत्रेत तिच्या हॉटेलाशेजारीच विमान लागायचं. नवरा गेल्यावर बाईने कढई एकटीने ओढली होती, आणि पहिला फोटो विमानातच काढून घेतला होता.

"तू एक सबुद टाक. तिचा इसार आला की आठ दिसांत तुझं छप्पर."

झुंबरबाई दुपारी आली, तीही आपल्या गाडीतून. ड्रायव्हरला बाहेर ठेवून ती थेट फळीवर येऊन बसली, गोधडीवरून हात फिरवला, डबे मोजले.

"वैनी, राजवाडा केलाय की गं! दादा, औंदा मढीला ह्यातनंच येनार म्हना."

पुंजाराम दारात उभा होता. रंभाजी म्हणाला, "काम झकास हाय, आक्का."

बाईने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा गोधडीवरच मोजायला घेतल्या. तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्रीचं एक टोक उचललं, आणि ऊन नेमकं त्या नोटांवर पडलं. बाईने वर पाहिलं.

"छप्पर?"

"व्हतंय," पुंजाराम म्हणाला.

"तुमाला न्हाई इचारलं. दादा, पैसं किती दिलं हुतं?"

बनाबाई पदराने डबा पुसत होती. तो डबा स्वच्छच होता. रंभाजीने एकदा ताडपत्रीकडे पाहिलं, एकदा बनाबाईकडे.

"समदं," तो म्हणाला. "गेल्या साली. दसऱ्याला."

"आन् चाकं?"

"चाकं फिरायला गेलीत."

बाई हसली नाही. तिने नोटा परत पिशवीत घातल्या, पिशवीची गाठ दोनदा मारली आणि पुंजारामला म्हणाली, "मिस्त्री, मी जिलबीचं पैसं गिऱ्हाइकाच्या तोंडात जिलबी गेल्यावर घेती. तुमचं उलटंच दिसतंय."

पुंजारामने आरडाओरडा केला नाही. तो शेडमध्ये गेला, खिळ्यावरची पहिली करवंटी काढली आणि रंभाजीच्या हातात ठेवली. "जा. मोकळा झालास. सांजच्याला जागा मोकळी पायजे."

वर्षभर रंभाजी ज्या गोष्टीची वाट पाहत होता ती त्याला अशी मिळाली. आता कुठलाही मिस्त्री त्याच्या गाडीला हात लावू शकत होता, आणि कुठल्याही मिस्त्रीला द्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. गाडी विटांवर होती. मोकळा झालेला माणूस जागचा हलू शकत नव्हता.

"बसा रडत," झुंबरबाई म्हणाली. आणि स्वतः ड्रायव्हरला हाक मारली. तिने आपल्या डॉजची चारही चाकं काढली, रंभाजीच्या डॉजला लावली, शेजारच्या शेडमधली आठ माणसं बोलावली आणि गाडी ढकलत रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली नेली. तिथे दगड रचले, चाकं काढली आणि पुन्हा आपल्या गाडीला बसवली. सगळ्याला दोन तास लागले. रंभाजीच्या गाडीने तेवढ्या वेळात केलेला प्रवास अंदाजे साठ हात भरला. बॉडी चढल्यापासूनचा तिचा तो सगळ्यात लांबचा.

दुसऱ्या दिवशी बाई तिसऱ्या शेडमध्ये गेली, आणि तिथल्या आसाराम मिस्त्रीने नारळ काढताच तिने तो त्याच्या हातातून घेतला. "ह्यो माझ्याजवळ र्‍हाईल. गाडी भाईर निघाल्यावर फोडू. फळी लागली की फळीचं पैसं, पत्रा लागला की पत्र्याचं." आसाराम रिवाजाचं काहीतरी बोलला. बाईने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि रंभाजीला बोलावलं. "दादा, गाडीचा फोटू काढ. चाकं दिसू दे. मिस्त्री, तुमी बी हुबं र्‍हावा. हसू नका, लगीन न्हाई."

बाईची गाडी मढीला पोचली. रंभाजीची पोचली नाही. तो एसटीच्या टपावरून विमान घेऊन गेला, निम्माच धंदा झाला, पण कॅमेरा वाचला. परत आला तर लिंबाखाली दोन माणसं बसलेली. गाडी बांधायला टाकायची होती, आणि आधी फोटो हवा होता.

तेव्हापासून हा परिपाठ पडला. पाचही शेडमध्ये इसार देण्याआधी गाडी लिंबाखाली येई आणि चाकांसकट, मिस्त्रीसकट तिचा फोटो निघे. पुंजारामही उभा राहायचा. तो सगळ्यांत चांगला यायचा.

या फोटोंच्या पैशांतून आसाराम रंभाजीचं छप्पर करू लागला. एक पत्रा बसला की एका पत्र्याचे पैसे. सहा बसलेत, तीन राहिलेत. मग चाकं. लिंब सोडून गेलं तर फोटो बंद, फोटो बंद तर पत्रे बंद. त्यामुळे जत्रेला जायची गाडी पुरी होण्यासाठी जत्रेला न जाता तिच्यात बसून राहणं भाग आहे.

या कामाचा नारळ, झुंबरबाईच्या पद्धतीने न फोडता, बनाबाईच्या डब्यांमागे ठेवलेला असतो. वर्ष उलटून गेलं. आतलं खोबरं सुटलंय, उचलला की खडखडतो.

"फोडा की आता," ती म्हणते. "खवट हुईल."

"काम पुरं होऊ दे," रंभाजी म्हणतो, आणि रस्त्यावर कोण गाडी वळवतंय ते खिडकीतून पाहतो.