स्लॅबवर आलेलं पाणी

धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका नाल्यावर लहानसा पूल बांधायला मी ओव्हरसियर म्हणून गेलो, तेव्हा डिप्लोमा नवा कोरा होता आणि अक्कल पिकली आहे असं मलाच वाटत होतं. मिस्त्री शेजारच्या खेड्यातला, साठीकडे झुकलेला. पोतं उघडलं की चिमूटभर सिमेंट बोटांत चोळून बघायचं ही त्याची सवय. मला हसू यायचं.

वरोऱ्याच्या स्टेशनावर उतरवलेलं नवं सिमेंट दुसऱ्या कारखान्याचं होतं. त्याचा पहिला स्लॅब ओतला आणि तासाभरात वर पाणी तरळलं. माल पसरायला सोपा जावा म्हणून म्हाताऱ्यानं पाणी वाढवलं, असं मी ठरवूनच टाकलं. सगळ्या मजुरांसमोर त्याला कामचोर म्हणालो.

"मी पानी वाढवलो नाई, साहेब," तो म्हणाला. "हे सिमेंट जाडं आहे, रव्यावानी. दाना खाली बसते, पानी वर येते. त्याले आपोआप जाऊ द्या. वरून कोरडं सिमेंट नका टाकू, मंग वरचा थर सुटते."

मी नेमकं तेच टाकायला लावलं, थापीनं घोटून घेतलं आणि त्याला कामावरून काढलं. थापी फडक्यात गुंडाळून तो निघून गेला.

दुसऱ्या स्लॅबचं पाणी मी स्वतः डब्यानं मोजून घातलं. तेही वर आलं. पाहणीला आलेले मोठे इंजिनिअर सहज म्हणाले, "जाड दळलेलं, लवकर घट्ट होणारा अंश कमी असलेलं सिमेंट पाणी सोडणारच." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मिस्त्रीच्या घरी गेलो. तो अंगणात बांबू चिरून कमच्या काढत बसला होता. चूक माझी होती, म्हणालो.

"मले सांगून काय होते, साहेब? तवा साऱ्यायसमोर बोल्ले होते. आता कोनी मले थापी धरू नाई देत."

साऱ्यांना सांगतो, असं कबूल करून परतलो. पण काम संपलं होतं, मजूर तेंदूपत्ता तोडायला पांगले होते. खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. त्याच पावसाळ्यात म्हातारा गेला.

दोन वर्षांनी त्या पुलावर उभा होतो. बैलगाडीच्या चाकांखाली पहिल्या स्लॅबचा वरचा थर पिठासारखा निघत होता. गाडीवानानं मला ओळखलं नाही. म्हणाला, "इथी एक म्हातारा मिस्त्री होता, त्यानंच लय पानी घातलं."

मी मान डोलावली.