आठ चौकटी, एकच स्केल

ट्रॅव्हल्सची गाडी सुटायला अर्धा तास होता आणि बाबा माझ्या बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासत होते. जानेवारीची संध्याकाळ. खापरखेड्याहून आम्ही चौघं ऑटो करून नागपूरला आलो होतो. आई, बाबा, धाकटा मंगेश आणि मी. पुण्यात नोकरी लागली होती, पण काम काय ते घरी कोणालाच नीट समजलं नव्हतं. आकड्यांचे ग्राफ काढायचे असतात, म्हटल्यावर बाबा एकदम खूश झाले. वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची अख्खी नोकरी ग्राफसमोर गेलेली. कागद हळूहळू सरकायचा, पेन त्यावर रेघ ओढायचं आणि बाबा ती वाचायचे. इतर पोरींचे बाप ‘जपून राहा’ म्हणत होते. आमचे बाबा गाडीच्या पायरीशी म्हणाले, “आधी स्केल पाय, मंग रेघ पाय.”

मी हसले होते. आधी स्केल पाहायची, हे इंजिनिअर पोरीला काय सांगायचं!

पुण्यात मी बदलले. ऑफिसात एकदा तोंडातून ‘काहून’ निघालं, तर पोरं आठवडाभर तेच म्हणून दाखवत होती. मग मी ‘का बरं’ म्हणायला शिकले. ‘करून राहिले’चं ‘करतेय’ झालं. फोनवर आईशी बोलतानासुद्धा पुणेरी निघायचं आणि ती मुद्दाम “हो मॅडम” म्हणायची. मंगेशला काम नव्हतं, म्हणून आमच्याच कंपनीच्या नागपूरच्या पार्सल गोदामात त्याचं नाव मी सुचवलं. फॉर्म मीच भरला. गाडीतून माल उतरवायचं काम. घरचे म्हणाले, पोरीनं भावाचं भलं केलं.

आता हे नीट ऐका, माझ्यासारखे घर सोडून गेलेले सगळे. कंपनीने आठ शहरांतल्या गोदामांत तापमान मोजायची यंत्रं बसवली. कुठे किती तापतं, ते बघून कूलर आणि दुपारची सुट्टी ठरणार होती. ग्राफ माझ्याकडे. एका पानावर आठ चौकटी, एकेका शहराची एकेक. मी आधी सगळ्यांना एकच स्केल दिली होती, म्हणजे कडेचे आकडे आठही चौकटींत सारखेच. नागपूरची रेघ वर टेकली आणि पुण्याची, बंगळुरूची खाली आडवी पडली. आमचे साहेब म्हणाले, “अगं, हे फार विचित्र दिसतंय. प्रत्येकाला आपली आपली स्केल दे ना, म्हणजे सगळ्या रेघा छान दिसतील.” प्रोग्रॅममधला एक शब्द बदलायचा असतो. मी बदलला. आठही चौकटींत सारखीच टेकडी उभी राहिली. चौकटीच्या कडेला बारीक अक्षरांत आकडे होते, खरेच होते, पण मीटिंगमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर ते कोण वाचतं? वरच्यांनी टेकड्या पाहिल्या आणि प्रत्येक गोदामाला दोन-दोन कूलर मंजूर केले. दुपारची सुट्टी कोणालाच नाही. ग्राफ सुंदर झाला म्हणून माझं कौतुक झालं.

गेल्या मे महिन्यात मंगेश बंद कंटेनरमधून माल काढताना कोसळला. दोन दिवस दवाखान्यात होता, पहिला दिवस तर त्याला कोणाची ओळखच पटत नव्हती. आणि कंपनीचा माणूस बाबांना सांगून गेला, की तुमच्या गोदामाला इतरांइतकेच कूलर दिलेत, हवं तर ग्राफ बघा. बाबांनी तो ग्राफ मोबाईलवर मागवून घेतला, बोटांनी मोठा केला आणि मला फोन लावला. ओरडले नाहीत. “ह्या आठही डब्यायची स्केल अलग अलग हाये,” ते म्हणाले. “हे कोनं केलं वं?”

मी म्हणाले, “मी.”

मग त्यांनी फोन आईकडे दिला.

त्या दिवसापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. मी आठही चौकटी परत एका स्केलवर आणल्या आणि साहेबांना दाखवल्या. तर ते म्हणतात काय, नागपूरमुळे बाकीच्यांचं काही दिसतच नाही, आपण नागपूर वेगळ्या पानावर टाकू. वेगळ्या पानावर! म्हणजे जिथे माणसं भाजतायत तेच पान उलटून ठेवायचं. वर म्हणाले, तू तिकडची आहेस म्हणून इमोशनल होतेयस. मी म्हटलं, सर, मी तिकडची आहे म्हणूनच मला आधी कळायला हवं होतं. ग्राफ एका पानावर, एका स्केलवर जाईल, नाहीतर त्यावरून माझं नाव काढा.

मीटिंगला ते पान गेलं. डायरेक्टर बाईंनी पडद्याकडे बघून विचारलं, “नागपूरचं यंत्र बिघडलंय का?” इतक्या महिन्यांत नागपूरबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

“यंत्र ठीक आहे, मॅडम,” मी म्हणाले. “तिथे माझा भाऊ काम करतो.”

कूलर वाढले आणि या उन्हाळ्यापासून दुपारी माल उतरवणं बंद ठरलं. हे ठरायला दोन मिनिटं लागली. मला आनंद झाला असं लोकांना वाटतं, पण माझा तर संताप होतो. दोन मिनिटांचं काम होतं तर माझा भाऊ पडेपर्यंत काहून थांबले? आणि मी काहून थांबले?

मंगेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “बरं झालं, ताई.” मग म्हणाला, “तुले नसंन आठवलं. तू दिवाळीले येत असते ना.”

रागावून बोलला असता तर बरं वाटलं असतं. खरंच आहे ते. सात वर्षं मी दिवाळीत येते. गुलाबी थंडीत गच्चीवर बसून चिवडा खाते, ‘आपलं नागपूर ते आपलं नागपूर’ म्हणते आणि ऊन तापायच्या कितीतरी आधी पुण्याला परत. त्या ग्राफवर नागपूरची टेकडी पुण्याएवढीच दिसली तेव्हा माझा हात अडला नाही, कारण माझ्या मनातही ती तेवढीच होऊन बसली होती.

तिकीट काढलंय. मे महिन्याचं, चांगलं पंधरा दिवसांचं. आईला सांगितलं तर ती म्हणते, “पागल झाली का वं? मे मधी कोनी घरी येते का?”

तुम्ही राहताच ना तिथे, आई.