नखाखालची गाठ

नव्वदीच्या सुरुवातीला मी भाईंदर वेस्टला नवीन दवाखाना टाकला होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी जवळच्या मुर्धा गावच्या यमुनामावशी आल्या. मासळी विकायच्या... मधल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली.

बोटाला बर्फ लागला की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. एक्स-रे नॉर्मल, गोळ्या खाऊन झालेल्या, वरून बोट अगदी चांगलं... त्यामुळे घरचे म्हणायला लागले होते, धंद्यावर जायला नको म्हणून नाटक करते.

"डॉक्टरबाई, बोट कापून टाका. पन ही कळ नको." मावशी खरंच तेवढंच मागायला आल्या होत्या!

मी चिंधी सोडली. नखाखाली पुसटशी निळसर छटा दिसली. कॉलेजात सर म्हणाले होते, हे आयुष्यात एखाद्याच पेशंटमध्ये बघाल... तेच तर नसेल?

टाचणीच्या डोक्याने नख हळूच दाबत गेले. इथे? "न्हाय." इथे? "न्हाय." निळसर जागेवर टेकवली मात्र, मावशी किंचाळून उठल्याच! बाहेरचे पेशंट दारातून डोकावले.

आता शेवटची खात्री. मावशींचा हात थोडा वेळ वर धरला, दंडाला बीपीचा पट्टा बांधून रक्त थांबेल इतका फुगवला आणि तीच जागा पुन्हा दाबली. मावशींनी डोळे घट्ट मिटलेले... मग एक उघडला.

"दाबा ना."

"दाबलंय मावशी!"

"मंग दुखत का न्हाय?"

मी खुर्चीतून उडीच मारली. ग्लोमस ट्यूमर! रक्तवाहिन्यांजवळची कणभर, साधी गाठ, म्हणूनच रक्त थांबताच कळही थांबली. कॅन्सर नाही... पण जीव नकोसा करणारी आणि फार क्वचित दिसणारी.

ओळखीच्या सर्जननी नख उचलून साबुदाण्याएवढी गाठ काढली. पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, "मॅडम, ग्लोमसच आहे!" तो अख्खा दिवस मी हवेत होते.

टाके काढायला मावशी नवऱ्याला घेऊन आल्या. "यांना सांगा, काय झालं होतं ते." मी कागदावर बोटाचं चित्र काढून सगळं समजावलं. ते बायकोकडे वळून म्हणाले, "लय सोसलंस गं."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. ऑपरेशनच्या टेबलावरही त्या रडल्या नव्हत्या, असं सर्जन सांगत होते.

मला माझं पहिलं दुर्मिळ निदान मिळालं होतं, त्याचा आनंद आजही ताजा आहे... पण मावशींना जे मिळालं, ते कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नसतं.