ओवी आधी मावशींशी बोलली

"ही शाळेत शूला जाते का?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरांनी मला विचारलं.

मी सवयीने खाली वाकले. ओवीने माझ्या कानात उत्तर दिलं आणि मी ते वर सांगितलं, "नाही जात म्हणते."

"किती वेळ दाबून धरते?"

मी पुन्हा वाकले. "आठपासून साडेबारापर्यंत. घरी आल्यावरच जाते."

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. युरिन कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढताहेत ते बघायची तपासणी, झाली होती. सोनोग्राफीत काही दोष नव्हता. "इन्फेक्शन औषधाने बरं होईल," ते म्हणाले. "पण मी इथे समोर बसलोय. ती तुमच्या कानात का सांगते?"

"लाजते हो."

"शाळेत टीचरशी बोलते?"

"नाही."

"मैत्रिणींशी?"

"नाही. नर्सरीपासूनच नाही. घरी मात्र तोंड बंद नसतं हिचं."

त्यांनी कागदावर दोन शब्द लिहिले, 'सिलेक्टिव्ह म्युटिझम', आणि समजावून सांगितलं. मूल एका ठिकाणी भरभरून बोलतं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या तोंडातून शब्दच फुटत नाही. हा हट्ट नाही आणि लाजही नाही. ही भीती आहे. बोलायची वेळ आली की गळा आवळल्यासारखा होतो. "बाथरूमला जायचंय हेही ती शाळेत सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे असंच चाललं तर किडनीपर्यंत जाईल. गोळ्या मी देईन, पण हिचं बोलणं सुरू होणं हा खरा इलाज आहे."

मी मुलुंडच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये काउंटरवर बसते. ओवीचा रिपोर्ट मीच प्रिंट केला होता. शेकडो आजारांची नावं माझ्या हाताखालून गेलीत, पण हे नाव कधी आलं नव्हतं. कारण ते कुठल्याच नळीतल्या रक्तात दिसत नाही.

तुमच्याही घरी असं मूल असेल म्हणून हे लिहिते आहे. काय करावं ते लिहीनच, पण आधी मी काय केलं ते ऐका. त्यात माझी लाज निघणार आहे, पण निघू दे.

पहिली गोष्ट ही की ओवीचं न बोलणं मला आवडायचं. घराबाहेर ती फक्त माझ्याशी, आणि तेही कानातच बोलायची. चार लोकांत तिचे बाबाही तिला नको असायचे. तिला कुल्फी हवी की आइस्क्रीम, कुठला फ्रॉक टोचतो, हे जगाला माझ्याकडूनच कळायचं. लोक म्हणायचे, "आईशिवाय पान हलत नाही हिचं," आणि मी तक्रारीच्या सुरात "हो ना, बघा ना" म्हणत मनातून फुगायचे.

दुसरी गोष्ट, मी जळायचे. माझी जाऊ घाटकोपरला राहते. तिची स्वरा ओवीच्याच वयाची. आमच्यात पाहुणा दारात आला की घरातल्या लहानाने आधी 'जय भीम' म्हणायचं असतं. स्वरा दारातूनच ओरडायची. ओवी माझ्या ओढणीत शिरायची. सासूबाई वाशिमहून आल्या की त्यांच्या तोंडावर तेच, "एवढंही शिकवलं नाहीस का गं लेकराला?" मी शिकवलं होतं. पाहुणा गेला की ओवी बंद दाराला तीनदा 'जय भीम' म्हणायची, पण ते बघायला कोण थांबतंय?

त्या वर्षी भीमजयंतीला स्वराने स्टेजवर हात उंचावून भाषण केलं. माईक तिच्या डोक्यापेक्षा उंच होता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज. मी टाळ्या वाजवल्या, जावेला मिठी मारली, "किती गोड बोलली गं" म्हणाले. आणि पाच वर्षांच्या पोरीचं भाषण चालू असताना माझ्या मनात काय होतं? हिने एखादी ओळ विसरावी. ती विसरली नाही. घरी येताना रिक्षात मी ओवीशी एक शब्द बोलले नाही. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, ते त्या दिवशी मला फार झोंबलं होतं.

आजाराला नाव मिळाल्यावर सगळ्यांकडे औषधं निघाली. सासूबाईंनी मधात वेखंड उगाळून जिभेला लावलं. शेजारणीने भांडुपच्या बहिणीकडून पोपटाने टोचलेला पेरू आणला. ओवीने तो मिटक्या मारत खाल्ला आणि आम्हालाच विचारलं, "पोपट दात घासतो का?" जीभ ठणठणीतच होती. ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, तीही नॉर्मल आली. त्या वेटिंग रूममध्ये एक आई तिच्या बडबड्या मुलाला सारखी "गप रे जरा" म्हणत होती. तिला दोन फटके द्यावेत असं मला वाटलं.

मग आम्ही घाटकोपरच्या एका बालमानसतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागलो. त्यांनी पहिल्या दिवशी ओवीला काहीच विचारलं नाही. खाली बसून तिच्यासोबत ठोकळे लावले. "तू लाल वर ठेवलास. आता निळा आला," एवढंच बोलत राहिल्या. शेवटी मला म्हणाल्या, "बोल म्हणायचं नाही. लालूच नाही, धमकी नाही. ती बोललीच तर टाळ्या नाहीत, घरभर फोनाफोनी नाही. कुणी तिला काही विचारलं तर मनात पाचपर्यंत मोजा. आणि मुख्य म्हणजे, तिच्या वतीने तुम्ही उत्तर द्यायचं नाही."

पाच आकडे मोजणं किती अवघड असतं ते मोजून बघा. दुकानदार विचारतो, "बेटा, कौनसा चाहिए?" आणि तुम्ही गप्प. एक, दोन. तो तुमच्याकडे बघतोय, रांग बघतेय, मुलगी तुमचा कुर्ता ओढतेय. मी तिनालाच बोलून टाकायचे.

शाळेसाठी त्यांनी 'स्लायडिंग-इन' सांगितलं. मूल ज्याच्याशी बोलतं त्या माणसासोबत त्याला आधी रिकाम्या वर्गात खेळू द्यायचं, आणि नव्या माणसाने थोडं थोडं करून जवळ यायचं. आज दाराबाहेर, उद्या दारात, परवा शेवटच्या बाकावर. शाळेने परवानगी दिली हे नशीब. मी सेंटरमध्ये दुपारची शिफ्ट मागून घेतली. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं ओवी आणि मी वर्गात साप-शिडी खेळायचो आणि तिच्या टीचर हळूहळू आत सरकायच्या. टीचर दारात असेपर्यंत ओवी बोलायची. एक पाऊल आत आलं की बंद. तीन महिने आम्ही त्या उंबरठ्यावर अडकलो होतो.

आणि एक दिवस टीचरनी मला गेटवर गाठलं. चेहरा फुललेला. "अहो, ओवी बोलली! आठवडा झाला, सुलभामावशींशी बोलतेय. शूला पण जाते आता."

सुलभामावशी म्हणजे शाळेतल्या मावशी. पोरांना बाथरूमला नेणं, बाटल्या भरणं, उलटी झाली तर पुसणं ही त्यांची कामं. मालवणकडच्या, पन्नाशीच्या, दिवसभर स्वतःशीच बडबडणाऱ्या.

टीचरच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्या चेहऱ्यावर यायला हवा होता. मी मात्र जळले. शिफ्ट मी बदलली, साप-शिडी मी खेळले, कान मी दिला आणि बोलली कुणाशी, तर बाटल्या भरणाऱ्या बाईशी? मी तडक मावशींकडे गेले.

"काय विचारलंत तिला तुम्ही?"

"मी काय्येक इचारूक नाय," मावशी बाटल्यांची टोपणं लावत म्हणाल्या. "हिची बाटली मी दुसऱ्याक दिलंय. चुकी माजी. तर म्हणता कसा, ती माझी आहे. मी म्हटलंय, बरा बाय, घे. तवापासना बोलता."

"अजून काय बोलते?"

मावशींनी हातातली बाटली खाली ठेवली. "म्हणता, आई घरात रडता म्हणान."

मी बाथरूमचा नळ सोडून रडायचे. ओवीला कळत नाही असं मी धरून चालले होते. तिला कळत होतं आणि तिने ते मला नाही, मावशींना सांगितलं होतं.

पुढचं लिहायला हात उचलत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना गेटवर बाकीच्या आया उभ्या होत्या. मी ओवीला धरून मावशींसमोर उभं केलं आणि मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. कारण मी घरी सांगितलं होतं, ओवी बोलली, आणि जाऊ फोनवर म्हणाली होती, "हो का? व्हिडिओ पाठव ना." मला तो व्हिडिओ पाठवायचाच होता.

"बोल ना ओवी. काल बोललीस ना मावशींशी? आता बोल माझ्यासमोर."

ओवीचा चेहरा दगड झाला.

"बाय, सोडा तिका," मावशी म्हणाल्या.

"तुमच्याशी बोलते, मग माझ्यासमोर काय झालं? बोल!"

तिच्या पायांवरून शू ओघळली. पांढरे मोजे पिवळे झाले. आया इकडेतिकडे बघू लागल्या. मावशींनी स्वतःचा पदर तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला आत नेलं. माझ्या हातातला मोबाइल रेकॉर्डच करत होता.

त्यानंतर ओवी मावशींशीही बोलेनाशी झाली. शाळेत शूला जाणं बंद. पाणी पिणं बंद. महिन्याभरात तिसरं इन्फेक्शन, या वेळी थंडी वाजून ताप आणि तीन दिवस ॲडमिट. सलाईनच्या हातावर मोठी पट्टी बांधली होती. नर्स तिला "दुखतंय का?" विचारायची आणि ओवी छताकडे बघायची. मला वाटलं, मी तिच्या तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली कुठे टाकली ते मलाच आठवत नाहीये.

मानसतज्ज्ञ बाईंना मी सगळं खरं सांगितलं, स्वराच्या भाषणापासून. त्या रागावल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. "बोलणं तिचं आहे. त्याचा पुरावा तुम्हाला कशाला हवा होता?" मग म्हणाल्या, "आपला पूल चुकला. आपण तुम्हाला धरून टीचरपर्यंत जात होतो. तिने स्वतः मावशींना निवडलंय. आता मावशींना धरून जाऊ. तुम्ही गेटबाहेर थांबायचं."

ओवी बरी झाल्यावर मी मावशींकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण तोंडातून "चुकलं माझं" एवढंच आलं.

"आवशीक घाई असताच," त्या म्हणाल्या. "रडा नको. तुम्ही भायर रवा, मी बघतंय. चेडू खंय पळान जाता?" त्यांच्या मालवणीत आवस म्हणजे आई आणि चेडू म्हणजे मुलगी.

मी बाहेर राहिले. शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर मी रोज पंधरा मिनिटं बसायचे. आत मावशी आणि ओवी बाटल्या लावायच्या. चार आठवडे ओवी नुसतीच बाटल्या लावत होती. पाचव्या आठवड्यात मावशींनी मला बाहेर येऊन सांगितलं, "आज बोलला." काय बोलली, ते मी विचारलं नाही. तोंडावर आलेलं मी गिळलं. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं, पण त्या पायरीवर मी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच.

मग टीचर दारात आल्या, मग बाकावर. एप्रिलमध्ये ओवीने टीचरना खिडकीबाहेरचा कावळा दाखवला आणि कुजबुजून त्याचं नाव सांगितलं. तिने त्याला नाव ठेवलंय हे मलाही माहीत नव्हतं. पहिलीत दोन मैत्रिणी त्या खेळात आल्या. मधे गणपतीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा मागे गेलं. मागे जाणार, हे धरूनच चाला. काही मुलांना मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात, तेही वाईट नाही. आम्हाला लागलं नाही. आणि 'मोठी झाली की बोलेल' म्हणून वर्षं घालवू नका. मी अडीच घालवली.

आता ओवी दुसरीत आहे. मुख्याध्यापिकांशी अजून बोलत नाही. पाहुण्यांना हात जोडून 'जय भीम' करते, आवाज न काढता. सासूबाई पण आता तसेच हात जोडून उत्तर देतात. स्वराचं भाषण यंदाही झालं. मी यंदाही जळले, पण कमी, आणि तिने ओळ विसरावी असं मनात आलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच डॉक्टरांकडे गेलो. इन्फेक्शन होऊन वर्ष उलटलं होतं. या वेळी त्यांनी मान वर करून थेट ओवीला विचारलं, "काय गं, शाळेत शूला जातेस की नाही?"

ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी वाकले नाही. मांडीवरचा हात घट्ट धरून मोजू लागले. एक. दोन. तीन. चार. पाच झाले. मी सहा मोजले, सात मोजले.

"जातंय," ओवी म्हणाली. "एकटीच जातंय."

आमच्या अख्ख्या वाशिमात असं कुणी बोलत नाही. घरी माझ्याशी बोलताना ती 'जाते' म्हणते. पण घराबाहेरचं बोलणं ती ज्या मावशींकडून शिकली, त्यांचेच मालवणी शब्द तिच्या तोंडात बसलेत. डॉक्टर हसले आणि त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर येऊन मी सुलभामावशींना फोन लावला आणि तो शब्द त्यांना जसाच्या तसा ऐकवला. त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की फोन माझ्या कानाशी असूनही ओवीला ऐकू गेलं. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "दे, मला बोलायचंय त्यांच्याशी."

मला हेवा वाटला. मी फोन दिला.