ओफेलियाबाईंचं मासिक कोण वाचतं?

पायसांदू गावातल्या आमच्या तिकीटसंग्राहक मंडळाचं मासिक दोन्या (आमच्याकडे 'बाई'ला म्हणतात तसं) ओफेलिया बेरुती एकोणीस वर्षं काढत होत्या. बारा पानं, सभासद अठ्ठावन्न. भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, पण लाल पेन काही निवृत्त झालं नाही. एकेका तिकिटावर त्या महिनाभर लिहीत. शेवटच्या पानावर वाचकांसाठी एक प्रश्न असे. एकोणीस वर्षांत उत्तरं आली दोन. त्यातलं एक त्यांच्या बहिणीचं.

मार्चमध्ये कोपऱ्यावरचा छापखाना बंद झाला. मी मंडळात सगळ्यात लहान आणि संगणकाचं काम करणारा, म्हणून म्हणालो, "दोन्या, आता फोनवर पाठवू या."

"आधी सभासदांना विचार," त्या माते, आमचा कडू चहा, नळीने ओढत म्हणाल्या. "आणि जमलं तर हेही विचार, की कुणी वाचतं का. मला तेवढंच कळायला हवंय."

मी विचारलं. एक्कावन्न जणांनी सांगितलं, कागदच हवा. बाई खूश झाल्या. मला मात्र कोडं पडलं. कागदावर इतका जीव, मग उत्तर कुणीच का देत नाही?

शनिवारी आम्ही दोघं वॉशिंग्टन सिल्वेरा या सभासदांच्या घरी गेलो. कागदाच्या बाजूने सगळ्यात जास्त आरडाओरडा त्यांचाच होता.

"जुने अंक दाखवता का?" मी विचारलं.

"दाखवतो की! एकही हरवलेला नाही." त्यांनी मोठ्या अभिमानाने तीन जाडजूड अल्बम आणले. प्रत्येक पानावर टपालाने आलेल्या एकेका अंकाचं पाकीट. नवं कोरं तिकीट, त्यावर बाईंनी टपालातल्या बाईला बजावून बजावून हलक्या हाताने मारायला लावलेला गोल शिक्का. आणि एकूण एक पाकीट बंद.

"उघडली नाहीत?" बाईंनी विचारलं.

"वेडी आहेस का ओफेलिया? फाडलं की पाकिटाची किंमत गेली! तू स्वतः तरी फाडशील?"

बाईंच्या कपाटातही दुसऱ्या मंडळांची अशी बंद पाकिटं होती. मी पाहिली होती.

"आत काय आहे ते तरी माहीत आहे का तुला?" बाईंनी विचारलं.

"मासिक!" सिल्वेरा म्हणाले.

परतताना नदीकाठी बाई एकदम हसत सुटल्या. "म्हणजे मी एकोणीस वर्षं पाकिटं फुगवत होते, पोरा! असं कर. पाकीट त्यांना जाऊ दे, आत नुसता पुठ्ठा घालून. मासिक फोनवर पाठव. बघू, कोण उघडतं."

फोनवरचा पहिला अंक चौदा जणांनी उघडला. आकडा सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी नुसती मान हलवली.

गुरुवारी मी त्यांच्याकडे असताना फोन वाजला. सिल्वेरांचा आवाज मला खोलीच्या या टोकालाही ऐकू येत होता. "पाचव्या पानावर काय वाट्टेल ते लिहिलंयस! त्या आगबोटीच्या तिकिटाच्या कडेला बारा दात? भिंग लावून मोज, चौदा आहेत! भूगोल शिकवायचीस की गप्पा मारायचीस?"

"तू मोजलेस?"

"तीनदा!"

चाळीस मिनिटं भांडण चाललं. माते गार झाला. फोन ठेवून बाईंनी भिंग काढलं, तिकीट काढलं आणि खिडकीशी जाऊन एक एक दात मोजायला लागल्या. गाल लाल झाले होते.

"चौदाच आहेत," त्या म्हणाल्या. "लिहून घे. दुरुस्ती पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. आणि सिल्वेराचं नाव घाल."