माने सिस्टरांच्या दोन खोल्या

आमच्या हॉस्पिटलात कुणी नव्या फ्लॅटचे पेढे वाटायला आलं, की माने सिस्टर पेढा हातात घ्यायच्या आणि तोंडात टाकण्याआधी विचारायच्या, "हप्ता गेल्यावर भाजीला उरतंय न्हवं?" समोरच्याचा चेहरा उतरायचा. त्यांची पाठ वळली की सगळे नावं ठेवायचे. मी लॅबमध्ये नवी होते, मलाही त्या खडूस वाटायच्या.

मूळच्या केम गावच्या. सगळी नोकरी सोलापुरात झाली, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं.

मी आणि माझा नवरा विजापूर रोडला फ्लॅट बघायला निघालो, तेव्हा त्या आपणहून बरोबर आल्या. बिल्डरच्या ऑफिसातल्या तरुणाने आम्हाला सरबत दिलं, दोघांच्या पगारांची बेरीज केली, त्यात नवऱ्याचा ओव्हरटाइम धरला, अजून न झालेली पगारवाढही धरली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तीन बेडरूमचा आरामात बसतो."

सिस्टरांनी विचारलं, "ह्यातला एक पगार थांबला तर?"

"मावशी, शुभ बोला की."

"शुभ बोलून हप्ता जातोय व्हय? कर्ज किती मिळंल ते सांगितलंत. ह्यांना झेपंल किती, ते कुटं सांगितलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना आम्ही रिक्षात बसलो. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं.

त्यांचे यजमान टेंभुर्णीला एका कारखान्यात होते. दोघांच्या पगाराच्या हिशेबाने मोठं घर घेतलं, आणि कारखाना बंद पडला. हप्ते थकले. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ज्या माणसाने "वहिनी, घरचंच समजा" म्हणत सह्या घेतल्या होत्या, तोच सगळ्या गल्लीदेखत दाराला कुलूप घालायला आला. लेकीची दहावीची परीक्षा चालू होती. तिची पुस्तकं आत राहिली होती. ती तरी काढू द्या म्हटलं, तर म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल.

"पुस्तकं काढायला सायेब," सिस्टर म्हणाल्या. "पैसं थकलं, ती आमची चूक. पर घेताना त्येनं एकदा तरी म्हणायचं हुतं की, ताई, हे तुमाला लई हुतंय."

यजमान त्या धक्क्यातून सावरले नाहीत, दोन-अडीच वर्षांत गेले. पुढे सिस्टरांनी एकटीच्या पगारावर अक्कलकोट रोडला दोन खोल्या घेतल्या. बँक याहून कितीतरी जास्त कर्ज द्यायला तयार होती. त्यांनी घेतलं नाही.

आम्हीही शेवटी लहानच घर बघितलं.

त्यांच्या लेकीला बघायला बार्शीचे पाहुणे आले, त्या दिवशी मदतीला मी तिथे होते. मुलगा बरा होता, मुलगीही खूश दिसत होती. मुलाच्या काकांनी दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवली. "सिस्टर, लग्नाआधी एखादा मोठा फ्लॅट करून टाका. कर्जाचं मी बघतो. आमची माणसं येणार-जाणार, बरं दिसत नाही."

"मी माझ्या कमाईचं घर घेतलंय," सिस्टर म्हणाल्या. "ते तुमच्या माणसांना दिसायला न्हाय घेतलं."

मुलगा खाली बघत राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो. सिस्टरांची नजर मात्र लेकीकडे गेली. पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या. लेक शांतपणे म्हणाली, "आई, त्यांना चहा तेवढा पिऊन जाऊ दे." पाहुणे चहा न घेताच उठले. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेतच. हॉस्पिटलात शोकसभा झाली. एक डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि हळहळत म्हणाले, "बिचारी. सगळं आयुष्य दोन खोल्यांत काढलं."

पहिल्या रांगेत त्यांची लेक बसली होती. सभेत बोलायची मला सवय नाही, तरी मी उभी राहिले. म्हटलं, "बिचारी म्हणू नका, सर. त्या स्वतःच्या घरात गेल्या. त्या घरावर कुणाचा एक पैसा नव्हता."

डॉक्टर खाली बसले. फ्लॅटचे हप्ते भरणारे बाकीचेही कुणी माझ्याकडे बघेनात.